गोव्याहून विमानप्रवास: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घर ते घर खरा हिशोब

गोवा ते मुंबई किती लांब? या प्रश्नाची तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. दाबोळी विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत आकाशातून सरळ रेघ ओढली तर सुमारे ४२४ किलोमीटर. कोकण रेल्वेने मडगाव ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साधारण ५८० ते ५९०. पणजीहून रस्त्याने जायचे तर साडेपाचशे ते सहाशे. महामार्ग ६६ धरता की घाट चढून कोल्हापूर-पुण्यावरून जाता, त्यावर ते ठरते.

वेळेचेही तेच. तिकिटावर सव्वा तास छापलेला असतो. काणकोणहून निघून डोंबिवलीला लेकीच्या घरी पोचणाऱ्याचे मात्र सात तास सहज जातात. गोव्याहून जवळच्या शहरांना जाताना आकाशातले किलोमीटर फारसे काही ठरवत नाहीत. घर ते विमानतळ हा जमिनीवरचा पट्टाच सगळे ठरवतो, आणि गोव्यात आता दोन विमानतळ असल्याने तो पट्टा आणखी महत्त्वाचा झाला आहे. तरी आकाशातला हिशोब आधी करून घेऊ, कारण तो सोपा आहे आणि एकदा जमला की फार लांब नसलेल्या कुठल्याही दोन शहरांना लागू पडतो.

पायरी १: "गोवा" म्हणजे नेमके कुठे, ते ठरवा

गोवा हे शहर नाही, राज्य आहे. अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळांना हे कळतेच असे नाही. कुणी राज्याच्या मध्यावरचा एखादा बिंदू धरतो, कुणी पणजी, कुणी दाबोळी. म्हणून एकाच प्रवासाचे आकडे ठिकठिकाणी तीस-चाळीस किलोमीटरने वेगळे दिसतात.

विमानतळ तीन अक्षरी कोडने शोधावा. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. सवयीने कुणी जीओए टाकले तर हिशोब थेट इटलीत जातो, कारण तो जेनोवा शहराच्या विमानतळाचा कोड आहे. "मुंबई ते गोवा साडेसहा हजार किलोमीटर" असे काही पडद्यावर आले तर यंत्र बिघडलेले नसते, त्याला सांगितलेले गाव वेगळे असते.

दाबोळी मुरगाव तालुक्यात, वास्कोजवळ, नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यातल्या पठारावर. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. दोन्ही विमानतळांत सरळ रेघेचे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे, पण रस्त्याने साठाच्या वर जाते. मध्ये झुवारी नदी आहे, मांडवी नदी आहे आणि पर्वरीची गर्दीही आहे.

दुसऱ्या टोकाकडेही असेच बघायला हवे. "मुंबई" म्हणजे सहार-सांताक्रूझ, की ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ? पनवेल, खारघर, उरणकडे जाणाऱ्याला नवी मुंबई सोयीची आणि बोरिवलीवाल्याला डोकेदुखी. तिकीट काढण्याआधी शहराच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचायची सवय लावून घ्या.

पायरी २: अंतर स्वतः काढा

संकेतस्थळ हे काम चुटकीसरशी करते. पण एकदा कागदावर करून पाहिले की कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे समजते. शाळेतले पायथागोरसचे प्रमेय आठवत असेल तर एवढे भांडवल पुरे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर, जगात कुठेही. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जावे तसा आखडत जातो. गोव्याच्या अक्षांशावर तो १०७ किलोमीटरच्या आसपास आणि मुंबईपाशी १०५. म्हणून दोन्हींच्या मधला आकडा घ्यायचा: १०६.

दाबोळी १५.३८ अंश उत्तर, ७३.८३ पूर्व. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ३.७१ अंश, गुणिले १११, म्हणजे ४१२ किलोमीटर. पूर्व-पश्चिम फरक ०.९६ अंश, गुणिले १०६, म्हणजे १०२. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा: ४२४. यंत्रही हाच आकडा देते. याच रीतीने दाबोळीहून बेंगळुरू सुमारे ४८३, हैदराबाद ५३२, पुणे ३५४ आणि दिल्ली जवळपास १,५०० किलोमीटर येते. अगदी दुबईपर्यंत, म्हणजे २,२०० किलोमीटरच्या पुढेमागे, ही पद्धत चोख उत्तर देते.

लंडनला मात्र ती फसते. दाबोळी ते गॅटविक असा सपाट हिशोब केला तर ७,९३० किलोमीटर येतात आणि खरे सर्वांत जवळचे अंतर ७,५७० आहे. पृथ्वी गोल असल्याने लांबच्या दोन ठिकाणांमधला आखूड रस्ता भिंतीवरच्या नकाशावर सरळ दिसत नाही, उत्तरेकडे फुगलेली कमान दिसतो. त्याला महावर्तुळाचा मार्ग म्हणतात. युरोप-अमेरिकेचे अंतर हवे असेल तर तयार गणकयंत्र वापरा, पाटी-पेन्सिल नको.

काही ठिकाणी अंतर नॉटिकल मैलांत दिलेले असते. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. घरात कुणी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असेल तर हे त्यालाच विचारा, त्याचा रोजचा हिशोबच तो आहे. त्यामागे गंमत अशी की अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. जहाजवाल्यांनी आणि त्यांच्यामागून विमानवाल्यांनी हे माप का सोडले नाही, ते यावरून कळते.

आणि एवढे करून मिळालेले अंतर हे कमीत कमी अंतर असते. विमान त्याहून थोडे जास्तच उडते. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीच्या ज्या टोकाने उडायचे तिथून वळून, ठरलेल्या हवाई मार्गाला लागून, उतरताना पुन्हा रांगेत उभे राहून ते जाते.

पायरी ३: अंतरावरून वेळ

बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० वर्गातले विमान उंचीवर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जाते. तर मग ४२४ किलोमीटरला अर्धा तास पुरायला हवा. प्रत्यक्षात गोवा-मुंबईला विमान पन्नासएक मिनिटे हवेत असते. म्हणजे सरासरी वेग ताशी ५०० च्या आसपासच पडतो.

कारण असे की दहा हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, ही वेगाची मर्यादा असते. वर चढायला वीसएक मिनिटे, उतरायला तेवढीच किंवा थोडी जास्त. चहाची गाडी सीटपाशी येते न येते तोच पट्टे बांधायची घोषणा होते ती यामुळेच. जवळच्या उड्डाणात विमानाला पूर्ण वेगाने पळायला जागाच मिळत नाही. दिल्लीच्या उड्डाणात मिळते, म्हणून दिल्ली मुंबईच्या साडेतीन पट लांब असूनही वेळ दुप्पटच लागतो.

आणखी एक. तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान गेटपासून हलते तिथपासून दुसऱ्या शहरात गेटला लागेपर्यंतचा तो वेळ असतो. हवाई क्षेत्रात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीकडे रांगत जाणे, पुढची विमाने सुटेपर्यंत थांबणे, उतरल्यावर गेट मोकळे होण्याची वाट पाहणे, सगळे त्यात आले. शिवाय कंपन्या त्यात थोडी मोकळीकही ठेवतात. त्यामुळे अर्धा तास उशिरा सुटलेले विमान कधीकधी दहाच मिनिटे उशिरा पोचते. पायलटने गाडी हाणली असे लोक म्हणतात. खरे तर ती मिनिटे वेळापत्रकात आधीच धरलेली असतात.

म्हणून घरगुती सूत्र असे: किलोमीटरला ८०० ने भागा आणि उत्तरात ४० मिनिटे मिळवा. दाबोळी-मुंबई: ३२ अधिक ४०, म्हणजे एक तास बारा मिनिटे. बेंगळुरू: ३६ अधिक ४०, एक तास सोळा. दिल्ली: एक तास बावन्न अधिक ४०, अडीच तासांवर दोन मिनिटे. दुबई: साडेतीन तासांच्या आसपास. वेळापत्रकाशी ताडून पाहा, दहा-पंधरा मिनिटांच्या आत उत्तर येते.

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानाला हे सूत्र लावू नका. एटीआर ७२ जातीचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच जाते. मार्च २०२४ पासून मोपाहून उडणारी फ्लाय ९१ ही गोव्यातली कंपनी हीच विमाने वापरते. तिथे ४८० ने भागून अर्धा तास मिळवावा. मोपा ते जळगाव सुमारे ६०७ किलोमीटर आहे, म्हणजे पावणेदोन तास. जेट असते तर सव्वा-दीड तासात झाले असते. पण जळगावला रस्त्याने जायचे म्हटले तर पूर्ण दिवस आणि वर कंबरेचे हाल, तेव्हा पंख्याकडे बघून नाक मुरडण्यात अर्थ नाही. अशा छोट्या मार्गांचे वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. मागच्या गणेश चवथीला होते ते विमान या चवथीला असेलच, असे धरून चालू नका.

वाऱ्याचा परिणाम लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात दिसतो. उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून मुंबईहून लंडनला जायला येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. गोवा-दिल्ली हा मार्ग उत्तर-दक्षिण असल्याने तो वारा आडवा लागतो आणि वेळेत फरक थोडाच पडतो. आकाश बंद असण्याचा फटका वेगळाच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागू लागला. गोव्याहून आखाताकडे जाणारे विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जाते, त्यामुळे त्याला या भानगडीची झळ फारशी लागत नाही.

नेमके उत्तर हवे असेल तर सूत्रही बाजूला ठेवा. फ्लाइटरडार२४ सारख्या, विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच विमानक्रमांकाच्या मागच्या आठवड्यातल्या नोंदी पाहता येतात: ठरलेली वेळ, सुटल्याची वेळ, टेकल्याची वेळ. सात दिवसांपैकी पाच दिवस ते विमान चाळीस मिनिटे उशिरा आले असेल तर आठव्या दिवशी ते तुमच्यासाठी वेळेवर येईल अशी आशा कशाला धरायची?

पायरी ४: तिकिटावरच्या वेळा नीट वाचा

सुटण्याची वेळ त्या शहराची स्थानिक, पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची स्थानिक. भारताच्या आत याने काही बिघडत नाही. परदेशी जाताना दोन वेळांची वजाबाकी करून उड्डाणाचा वेळ काढू नये.

समजा गोव्याहून पहाटे ४ ला विमान सुटते आणि दुबईला ५:५० ला पोचते. पहिल्यांदाच जाणारा म्हणतो, दोन तासांत दुबई! दुबई भारताच्या दीड तास मागे आहे, म्हणून खरा प्रवास तीन तास वीस मिनिटांचा. येताना उलटे: रात्री १० ला सुटलेले विमान सव्वातीन तास उडून गोव्यात पावणेतीनला उतरते, आणि तारीख बदललेली असते. तिकिटावर वेळेपुढे बारीकसे "+१" असते ते त्यासाठी. दोहा अडीच तास मागे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे.

लोक सर्वांत जास्त फसतात ते मध्यरात्रीनंतरच्या विमानांना. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:४०. म्हणजे १४ तारखेचे जेवण आटोपून निघायचे, १५ ला रात्री नव्हे. आखाताकडची बरीच विमाने अशाच अवेळी सुटतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना "पंधराला विमान आहे" असे सांगू नका. "चौदाला रात्री नऊला घरातून निघायचे आहे" असे सांगा आणि कॅलेंडरवर चौदा तारखेलाच लिहून ठेवा.

पायरी ५: घर ते घर जोडून बघा

आता खरा हिशोब. कागदावर पाच आकडे लिहा: घर ते विमानतळ, विमानतळावरचा थांबा, तिकिटावरचा वेळ, उतरल्यावर बाहेर पडणे, विमानतळ ते शेवटचे दार.

देशांतर्गत विमानासाठी सामानाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते आणि गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. म्हणून सामान असेल तर पावणेदोन ते दोन तास आधी पोचावे. हातातली एकच बॅग आणि वेब चेक-इन झालेले असेल तर सव्वा तासातही भागते. नाताळ ते नववर्ष आणि लांब सुट्टीचे शनिवार-रविवार यांना हा नियम लागू नाही. तेव्हा अर्धा तास आणखी धरा. परदेशी प्रवासाला तीन तास.

म्हापशाहून दादरला जाणाऱ्याचे गणित मांडू. म्हापसा ते मोपा ४० मिनिटे. थांबा एक तास पंचेचाळीस. विमान सव्वा तास. पट्ट्यावरून बॅग येऊन बाहेर पडायला ४० मिनिटे. सहार ते दादर, वाहतुकीची मर्जी असेल तर ५५ मिनिटे. एकूण सव्वापाच तास. हवेतली मिनिटे त्यातली पन्नास.

तोच माणूस थिवीहून वंदे भारत गाडीने निघाला तर? जून २०२३ पासून धावणारी ही गाडी मडगाव-मुंबई अंतर पावसाळा सोडून पावणेआठ तासांच्या आसपास कापते. थिवी-दादर त्याहून तासभर कमी. घर ते स्थानक आणि तिथला थांबा मिळवून साडेसात ते आठ तास होतात. फरक अडीच तासांचा. रात्रीची कोकणकन्या घेतली तर घड्याळात वेळ जास्त, पण झोपेत गेलेला वेळ कोण मोजतो? कार्यालयीन कामाला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे असेल तर विमानच. सामानसुमान, फणस, नारळ, उकडे तांदूळ घेऊन आठवडाभर राहायला जायचे असेल तर रेल्वेच बरी. विमानात १५ किलोच्या पुढे दर किलोला पैसे मोजावे लागतात आणि काजूच्या पिशव्या धरून ते वजन कधी ओलांडले जाते ते कळतही नाही.

बेंगळुरू, हैदराबादच्या बाबतीत विमानाचे पारडे जड आहे. दिल्लीबद्दल तर वादच नको.

पायरी ६: दाबोळी की मोपा

या पायरीवर थोडे थांबावे लागेल, कारण गोव्यातल्या माणसाचे पैसे आणि वेळ दोन्ही इथेच जातात किंवा वाचतात.

मोपा दाबोळीच्या उत्तरेला आहे, म्हणून मुंबईला ३८ किलोमीटर जवळ: ४२४ ऐवजी ३८६. आपल्या सूत्राने हवेत वाचतात तीन मिनिटे. मडगावकराला ती तीन मिनिटे वाचवायला जमिनीवर तासभर जादा मोजावा लागतो. मडगाव ते दाबोळी पंचवीसएक किलोमीटर, मडगाव ते मोपा पासष्टच्या वर. काणकोणहून मोपा गाठायचे तर शंभरी ओलांडते. याउलट पेडणे, म्हापसा, डिचोली, साखळी, आणि सीमेपलीकडचे बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग यांना मोपा अंगणात आल्यासारखा आहे.

पणजीचा माणूस मध्ये अडकतो. दाबोळी तीसएक किलोमीटर, मोपा पस्तीसएक. दोन्हीकडे वाट बरी झाली आहे: झुवारीवर कुठ्ठाळी-आगशीचा नवा केबलचा पूल पूर्ण झाल्यापासून दाबोळीकडची कोंडी बरीच फुटली, आणि मोपाला धारगळहून थेट जोडरस्ता आहे. पर्वरीला रस्त्याचे काम किंवा शुक्रवार संध्याकाळची गर्दी असेल तर दाबोळीकडे झुकावे. मुरगावकडे काही अडले असेल तर मोपा. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला नकाशा उघडून वाहतूक पाहिली तर हा निर्णय आपोआप होतो.

भाड्याची तुलना करताना टॅक्सी धरायला विसरू नका. मोपाहून तिकीट आठशे रुपयांनी स्वस्त दिसते, म्हणून फोंड्याचे चौघांचे कुटुंब खूश होते आणि मग टॅक्सीत त्याहून जास्त देते. एकटा माणूस असेल तर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहन मंडळाची, बस पाहावी. मोपाहून पणजी, मडगावकडे तिच्या विजेवरच्या बसेस जातात. बसच्या वेळा विमानाच्या वेळेशी जुळतात का, हे आधी बघून ठेवावे. रात्री अकराला उतरून शेवटची बस गेली असेल तर वाचलेले सगळे पैसे एका फेरीत जातात.

दाबोळीबद्दल आणखी एक गोष्ट. तळ नौदलाचा असल्याने कामाच्या दिवशी सकाळचा मोठा वेळ पूर्वीपासून लष्करी सरावासाठी राखलेला असतो आणि प्रवासी विमाने त्याच्या आगेमागे लावली जातात. म्हणूनच दुपारनंतर दाबोळीच्या वेळापत्रकात विमानांची दाटी दिसते आणि त्या वेळी सुरक्षातपासणीची रांगही वाढते. सकाळी नऊ-दहाचे विमान हवे असणाऱ्याला बहुधा मोपालाच जावे लागते.

आणि परतीचे तिकीट काढताना दोन्ही बाजूंचा विमानतळ एकच आहे ना, ते पाहा. गाडी मोपाच्या पार्किंगमध्ये ठेवून दाबोळीला उतरलेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो सामानाच्या पट्ट्याजवळ उभा राहून फोनवर भावाला "अरे, जरा किल्ली घेऊन ये" म्हणत असतो.

पायरी ७: मध्ये विमान बदलायचे असेल तर

जहाजावर रुजू होणाऱ्या तारवट्यांना आणि परदेशी नोकरीवाल्यांना मुंबई, दिल्ली किंवा आखातात विमान बदलावे लागते. इथे अंतरापेक्षा मधला थांबा महत्त्वाचा.

दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर सामान बहुतेक वेळा शेवटपर्यंत जाते आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीने करायची असते. स्वस्त पडते म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली तर ती जबाबदारी तुमच्या गळ्यात. मुंबईत देशांतर्गत विमानातून उतरून परदेशी विमान धरायचे असेल आणि तिकिटे वेगळी असतील तर चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये असे माझे मत आहे. टर्मिनल १ ला उतरून टर्मिनल २ ला जाणे म्हणजे रस्त्यावर बाहेर पडून गाडीने जाणे. आणि एक विमान नवी मुंबईचे, दुसरे सहारचे असेल तर मध्ये अख्खी मुंबई पडते, तिथे पाच-सहा तास धरले तरी जास्त नाहीत.

परदेशातून येताना पहिल्या भारतीय विमानतळावर इमिग्रेशन आणि कस्टम उरकून, बॅगा उचलून, त्या गोव्याच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. "सामान थेट गोव्याला" असे तिकडच्या काउंटरवर कुणी सांगितले तरी उतरल्यावर पट्टा एकदा बघूनच पुढे जा.

पायरी ८: पावसाळा आणि मुंबईचे आकाश

जून ते सप्टेंबर हिशोब थोडा सैल ठेवा. ढग खाली आले, दृश्यता घटली, आडवा वारा सुटला की विमान घिरट्या घालते, आणि फारच झाले तर दुसऱ्या विमानतळावर वळवले जाते. अशा दिवसांत दुसऱ्या शहरात त्याच दिवशी महत्त्वाचे काम असेल तर दिवसाचे शेवटचे विमान घेऊ नये. ते रद्द झाले तर पुढचे थेट उद्या. सकाळचे चुकले तर दुपारचे तरी असते. कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकावर असते आणि गाड्या हळू धावतात, वंदे भारतलाही तेव्हा दहाएक तास लागतात. म्हणून रेल्वे आणि विमान यांची तुलना नोव्हेंबरच्या आकड्यांवरून करून जुलैत प्रवास करू नये.

मुंबईचा त्रास बारमाही आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांची आकाशात रांग लागते. संध्याकाळच्या गोवा-मुंबई विमानात खिडकीतून तेच तेच वळण आणि तेच दिवे पुन्हा दिसू लागले, तर पंधरा-वीस मिनिटे गेली असे समजा आणि तुम्हाला न्यायला आलेल्या माणसाला उतरताच कळवा. सकाळी पहिल्या दोन-तीन विमानांना हा त्रास कमी, कारण आदल्या फेऱ्यांचा साचलेला उशीर तेव्हा नसतो. विमान आदल्या रात्रीच गोव्यात येऊन उभे आहे का, तेही फ्लाइटरडार२४ वर दिसते. असेल तर गजर लावून निवांत झोपा. नसेल, तर पहाटे उठल्यावर दात घासण्याआधी एकदा विमानाची स्थिती पाहा आणि मगच टॅक्सीवाल्याला फोन करा.